खविसरावांचा कौल

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

मुलुंड (पूर्व)
२० नोव्हेंबर २०२४

ती. शेवंतीवन्सं यांस,
जानकीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं गाठोडं परवा सकाळी पोचलं. कुळथाचं पीठ दोन किलो, आमसुलं अर्धा किलो, नारळ सहा आणि फणसाच्या साटांची पुडी. एक नारळ वाटेत तडकला होता, त्याची त्याच दिवशी सोलकढी केली. गाडीवाल्याने दीडशे मागितले, मी एकशेवीस हातावर ठेवले, तो पुटपुटत गेला. वन्सं, पुढच्या खेपेला नारळ नकोत. भाडं धरलं तर तुमचा घरचा नारळ इथल्या बाजारापेक्षा महाग पडतो. साटं मात्र पाठवा. यांनी बोटभर तुकडा अर्धा तास चघळला आणि म्हणाले, शेवंतीने या वर्षी गूळ कमी घातलाय, म्हातारी कंजूष झाली.

यांच्या तब्येतीचं खरं काय ते लिहिते. फोनवर शेजारच्या रतनला सांगून तुमच्यापर्यंत पोचवावं असं हे नाही. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तो ओरडून सांगणार आणि अख्खी वाडी ऐकणार. यकृताचा आजार पार पसरला आहे. डॉक्टरांनी सुबोधला बाजूला घेऊन सांगितलं की आता सुया टोचून त्रास देऊ नका, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. नवीन वर्ष लागेल तेव्हा हे असतील का, असं सुबोधने विचारलं तर डॉक्टर म्हणाले, तेवढं धरू नका. यांना सगळं ठाऊक आहे. त्यांनीच मला सांगितलं की दुधाची एक पिशवी कमी कर.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुम्हाला आमचे खविसराव आठवत असतील. इथल्या केबलवाल्याच्या गोदामात हे दर शनिवारी तोंडाला सफेता फासून, काजळाची वर्तुळं काढून, काथ्याच्या जटा लावून बसायचे आणि परदेशातले जुने काळेपांढरे भुताचे सिनेमे केबलवरून घरोघरच्या टीव्हीवर दाखवायचे. तेही दुपारी साडेतीनला, कारण रात्री त्याला नवे हिंदी सिनेमे लावायचे असत. इंग्रजी कुणाला कळायचं नाही, म्हणून हे मध्येच सिनेमा थांबवून मालवणीत सांगायचे. शवपेटीतून उठणारा तो गोरा साहेब दिसला की म्हणायचे, हो तिसऱ्या पाळीचो कामगार, दिवसा झोपता, ह्येका उठवू नकात. पट्ट्या गुंडाळलेल्या प्रेताला विचारायचे, बाबा रे, कामगार दवाखान्यात गेला होतास काय. मधूनच उद्या पाणी येणार नाही, हेही खविसरावच सांगायचे. पोरं घाबरायची आणि हसायची, दोन्ही एकदम. मी देवघराचा पडदा ओढून घ्यायची, देवांना नको दिसायला म्हणून, आणि स्वयंपाकघराच्या दारातून बघायची.

मग सुबोधला मेंदूज्वर झाला. सहा वर्षांचा होता. दहा दिवस पोराने डोळा उघडला नाही. चाळीतल्या बायका म्हणाल्या, दर शनिवारी भुतांना घरी बोलावता, मग दुसरं काय होणार. मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून आपल्या सातेरीला नवस बोलले, की माझं पोर उठू दे, त्याचा बाप जन्मात पुन्हा तोंड रंगवणार नाही. अकराव्या दिवशी सुबोधने पाणी मागितलं. घरी येऊन यांना सांगितलं तेव्हा यांनी रंगाचा डबा उघडला. ब्रश धुतला, डबा माळ्यावर टाकला. सुबोधला सांगितलं की खविसरावांची बदली झाली, रत्नागिरीला. आणि मला बजावलं, पोराला नवसाचं कधी कळू द्यायचं नाही, त्याच्या जिवावर आपल्या हौसेचं ओझं नको. तुमच्याशिवाय हे कुणाला ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात चैतन्य म्हणून एक चाळिशीचा माणूस पत्ता शोधत आला. लहानपणी चौथ्या गल्लीत राहायचा, शनिवारी शाळा बुडवून खविसराव बघायचा. त्याचं जुन्या सिनेमांचं मंडळ आहे. चौदा डिसेंबरला, शनिवारी साडेतीनला, पार्ल्याच्या एका हॉलमध्ये तो तसला एक सिनेमा लावणार आहे आणि मध्ये खविसराव हवेत म्हणतो. यांना खुर्चीतून उचलून नेईन, वीस मिनिटं पुरे, म्हणाला. तेव्हापासून हे अर्धी भाकरी जास्त खातात. काल मला म्हणाले, जानकी, एकदाच रंगवू का तोंड? तू नको म्हणालीस तर नाही.

वन्सं, मी काय सांगू? मानसीला सातवा महिना लागला आहे. नवस सुबोधच्या नावाचा आहे आणि आता त्याचं मूल यायचंय. देवीने दिलेलं देवी मागेल, ही भीती वाटते. आणि यांच्याकडे बघवतही नाही. म्हणून तुम्ही देवळात जा आणि माझ्या नावाने देवीला पाकळ्या लावून कौल घ्या. उजवा पडला तर मी स्वतः यांचं तोंड रंगवीन. डावा पडला तर विषय संपला. बाकी कुणाला विचारू?

उत्तर उलट टपाली पाठवा, रतनच्या फोनवर नको. लेकीसारखं मानलंत, तसंच मानत राहा.

तुमची
जानकी


॥ श्री ॥

धुरीवाडी, ता. कुडाळ
२८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. जानकीस,
शेवंतीचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चष्मा लावून दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा एकदा. जयवंत माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा. त्याच्याआधी मी जाणार असा हिशेब होता. देवाचा हिशेब मला कधी कळला नाही.

गूळ कमी नाही घातला, फणसच यंदा पांचट निघाला. त्याला सांग.

कौलाचं म्हणशील तर अडचण झाली आहे. गुरवाचा चुलता वारला, घराला सुतक आहे. रोजची पूजा दुसऱ्या घरातला पोरगा उरकतो, पण कौल लावायचा मान त्याला नाही, आणि त्याने लावला तरी मी मानणार नाही. त्याला धड नारळाची शेंडी सोलता येत नाही. सुतक सात तारखेला फिटतं. नऊला सोमवार आहे, पहिला कौल तुझाच, मी बोलून ठेवलं आहे. तेवढं थांब.

आता थोडं बोलते, रागावलीस तरी चालेल. नवस बोलायचा तर आपल्या वस्तूचा बोलावा. माझ्या धाकट्याला नारू झाला तेव्हा मी भात सोडला, सात वर्षं. भात माझा होता, मी सोडला. तू माझ्या भावाचं तोंड देऊन बसलीस. तेव्हा पोर दवाखान्यात होतं म्हणून मी काही बोलले नाही. आईच्या जिवाची कालवाकालव मला कळते. पण देवीने ते घेतलं असेल असं मला कधी वाटलं नाही. तिला कशाला हवीत असली उसनी तोंडं?

नऊ वर्षांचा असताना हा घरचा चुना तोंडाला फासून विहिरीच्या काठावर बसायचा. मी पाण्याला गेले की कळशी टाकून पळायची आणि हा पोट धरून हसायचा. आबांनी बडवला, तरी दशावतारवाल्यांच्या मागे रंगपेटी उचलत फिरायचाच. आणि तुला ठाऊक नसेल ते सांगते. नवसानंतरच्या मे महिन्यात तुम्ही गावी आला होतात. तू सुबोधला घेऊन देवीची ओटी भरायला गेली होतीस. हा मागच्या पडवीत एकटा बसला होता. समोर कोंबड्या चरत होत्या. इकडे तिकडे बघितलं आणि कोंबड्यांना खविसाचं ते हसू हसून दाखवलं. एकदाच. कोंबड्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मग उठून तोंड धुतलं, तोंडाला काही लावलेलं नसताना. तेव्हा मला ऐकू येत होतं गो. कधी वाटतं की कान गेले ते बरं झालं, पण तेवढं हसू आत राहिलं आहे.

मानसीला जड उचलू देऊ नको. सुबोधला आशीर्वाद. जयवंताला सांग, शेवंती अजून विहिरीवर जपूनच जाते.

तुझी
शेवंती


॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

मुलुंड (पूर्व)
७ डिसेंबर २०२४

ती. शेवंतीवन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. कोंबड्यांचं वाचलं आणि पत्र मिठाच्या बरणीखाली ठेवून दिलं. यांना वाचून दाखवलं नाही. मला ते जमलं नसतं.

तुमचं बोलणं खरं आहे. मी त्यांचं दिलं, माझं नाही. त्या जिन्यात उभी असताना माझ्याजवळ देण्यासारखं दुसरं काय होतं, हे आठवून बघते. सोनं तर दवाखान्यातच गेलं होतं.

बुधवार संध्याकाळपर्यंत घर आनंदात होतं. चैतन्य एक जुनी टेप कुठून तरी उकरून, मोबाइलवर घालून घेऊन आला. आम्ही सगळे यांच्या पलंगाभोवती बसलो. त्यात हे केवढे तरणे दिसतात. तळ्यातून खवल्यांचा माणूस वर येतो, सिनेमातली बाई किंचाळते, आणि खविसराव मध्येच येऊन सांगतात, बाईनू, ओरडा नकात, आधी त्येका इचारा पापलेट काय भाव दिलंन. मानसी माहेरी पुण्याकडची, तिला मालवणी निम्मी कळते, पण ती पोटावर हात ठेवून एवढी हसली की सुबोध म्हणाला, अगं बाळ घाबरेल. हे म्हणाले, खविसाचं नातवंड ते, घाबरतंय कसलं. सुबोधने विचारलं, बाबा, एवढं चालत होतं तर बंद का केलंत? हे म्हणाले, सांगितलं ना, बदली झाली. मी उठून चहा टाकायला गेले.

आणि गुरुवारी सकाळी मानसीला रक्त जायला लागलं. तिला दवाखान्यात ठेवलं आहे. बाळाचे ठोके लागतात, पण डॉक्टर म्हणाले की आडवं पडून राहायचं, अजून काही सांगता येत नाही. सुबोध तिथेच असतो. माझ्या डोळ्यांपुढे तोच जिना आला. नुसतं आदल्या संध्याकाळी टेप बघितली, नुसता खविसाचा विषय घरात आला, तर हे. मग खरंच तोंड रंगवलं तर काय होईल?

वन्सं, मी पाप केलं. काल दुपारी यांनी विचारलं की शेवंतीचं पत्र आलं होतं ना, कौलाचं काय झालं. मी सांगितलं, कौल लावला आणि डावा पडला.

यांनी अंगावरची चादर नीट ओढून घेतली. मग विचारलं, एकदाच लावला की तीनदा? मी म्हटलं, तीनदा. हे म्हणाले, बरं. थोड्या वेळाने म्हणाले, शेवंतीला उगाच देऊळ चढायला लावलंस, तिचे गुडघे दुखतात. मग सुबोधला फोन लावायला सांगून मानसीची चौकशी केली आणि चैतन्यला कळवून टाकलं, की जमणार नाही, दम लागतो. कारणही स्वतःच्या तब्येतीचं दिलं, देवीचं नाव मध्ये येऊ दिलं नाही.

तुम्ही सोमवारी कौल लावालच. तो डावा पडला तर माझं खोटं खरं होईल. उजवा पडला तर मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवीन आणि सगळं सांगेन. म्हणून जे असेल ते स्पीड पोस्टाने पाठवा. शनिवारच्या आत मला कळायला हवं. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्याच पाकिटात घाला, पण माया काढून घेऊ नका.

तुमची
जानकी


॥ श्री ॥

धुरीवाडी
९ डिसेंबर २०२४

चि. सौ. जानकीस,
अनेक आशीर्वाद.

कुडाळच्या पोस्टात उभी राहून लिहिते आहे, अक्षराला हसू नको. तुझं नवं पत्र काही आलेलं नाही, पण वाट बघत बसले नाही, सकाळी सातलाच देऊळ गाठलं.

उजवा पडला. गुरवाने तीनदा लावला, तिन्ही वेळा देवीने उजवी पाकळी दिली. तिसऱ्या वेळी तर गुरवाचं विचारून व्हायच्या आधीच पडली. मग मी आणखी एक विचारायला लावलं, की पोराला, पोराच्या पोराला काही बाधा आहे का, असेल तर डावा दे. तोही उजवा. गुरव म्हणाला, आजी, आता पुरे, देवी एवढं कुणाला सांगत नाही.

तेव्हा माळ्यावरचा डबा काढ. सफेता वाळला असेल तर खोबरेल तेलात कालव, तो तसाच करायचा. डोळ्यांभोवती काजळ जाड लाव. पार्ल्याला जाताना त्याच्या पाठीला उशी घ्या. चौदा तारखेला साडेतीनला मी ओट्यावर येऊन बसेन. ऐकू काही येणार नाही, पण बसेन. त्याला सांग, माझ्या वाटणीचं एकदा हस.

तू जिवाला लावून घेऊ नको. आई होतीस, घाबरलीस. संपलं ते.

शेवंती


मुलुंड
१८ डिसेंबर २०२४

ती. शेवंतीवन्सं यांस,
जानकीचा नमस्कार.

सुबोधने रविवारी रतनच्या फोनवर तुम्हाला कळवलंच. पहाटे सव्वापाचला गेले. त्रास झाला नाही. तुम्ही एवढ्या लांबून, तशा गुडघ्यांनी निघू नका, असं मीच सांगायला लावलं होतं.

तुमचं पत्र काल माझ्या हातात पडलं. आलं होतं मात्र शुक्रवारी, तेरा तारखेला दुपारी बाराला. पोस्टमनने दोनदा बेल वाजवली म्हणे. मी त्या वेळी मानसीला घरी आणायला दवाखान्यात गेले होते. घरात हे एकटे होते आणि त्यांना उठवत नव्हतं. बेल त्यांनी ऐकली असेल. वॉचमनने सही करून पाकीट आपल्या खणात ठेवलं, आणि त्याची पाळी बदलली. काल माणसं पांगल्यावर त्याने आणून दिलं. बिचारा माफी मागत होता. त्याला मी काय बोलणार?

मानसी बरी आहे. बाळही बरं आहे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मानसीने सांगितलं की त्या बुधवारी लिफ्ट बंद होती आणि ती ऑफिसातून येऊन पाच जिने चढली होती, हातात भाजीच्या पिशव्या घेऊन. ती चढून आली, घाम पुसला, आणि मग टेप बघायला बसली. मी तिच्या हातातून पिशव्या घेतल्या होत्या, वन्सं. मला ठाऊक होतं. पण मला दिसला तो खविस.

शनिवारचं तुम्हाला सांगायला हवं. दुपारी यांनी स्वतःहून तोंड पुसून घेतलं, धुतलेला सदरा घालायला लावला. साडेतीनला चैतन्यने हॉलमधून फोन लावला, चेहरा दिसतो तसला. सुबोधने तो यांच्यासमोर धरला. दोनशे माणसं होती, बरीचशी केस पिकलेली. सगळी उभी राहिली आणि खविसराव, खविसराव करून ओरडायला लागली. चैतन्यने हात जोडून विनवलं की काका, रंगाशिवाय चालेल, नुसतं एकदा हसा, नाहीतर एक वाक्य बोला. सुबोधही म्हणाला, बोला ना बाबा. यांनी माझ्याकडे बघितलं. नवस रंगवण्याचा होता, हसण्याचा नव्हता. मी मान डोलावली, तोंडानेही म्हटलं, हसा हो. यांनी नाही अशी मान हलवली. मग माणसांना दोन्ही हात जोडले, आणि सुबोधने फोन बंद केला.

सुबोध खोलीबाहेर गेल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, तिने तीनदा नाही सांगितलंय, आपण पळवाटा काढायच्या नाहीत. पोरगी अजून बाळंत व्हायची आहे.

तेव्हा सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. पण मनात म्हटलं, खरा कौल अजून कळलेला नाही, तो डावाच असला तर? उद्यापर्यंत पत्र येईल, उद्या सांगू. पत्र खाली खणात होतं.

संध्याकाळी देवीच्या तसबिरीकडे बघून म्हणाले, तुझं तुला दिलं हो. मग वळून झोपले. त्यानंतर बोलले नाहीत.

तुम्ही लिहिलं होतं की उजवा कौल तिसऱ्यांदा विचारून व्हायच्या आधीच पडला. ते वाचल्यापासून मला अन्न जात नाही. तिने एवढ्या मोकळ्या हाताने दिलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वीही कदाचित तिने काही मागितलं नव्हतं. दोन्ही वेळा तिच्या नावाने मीच बोलले.

सुबोधने विचारलं, बाबा हसले का नाहीत. मी त्याला काही सांगितलेलं नाही. यांचा शब्द आहे, तो मोडणार नाही.

आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. मला सुतक आहे, देवघरापुढे उभं राहता येत नाही, देवीला हाक मारता येत नाही. तुम्ही लग्न होऊन दुसऱ्या घरच्या, तुमचं तीन दिवसांत फिटलं. तेरावा सत्तावीसला आहे. त्याच्या आत देवळात जा. गुरव नको, कौल नको, ओटीही नको. गाभाऱ्यासमोर उभ्या राहा आणि सांगा, की तो नकार तुझा नव्हता, जानकीचा होता. ते तुझ्यापर्यंत येतील तेव्हा काही विचारणार नाहीत, खाली मान घालून कडेला उभे राहतील. त्यांचा स्वभावच तसा, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून देवीनेच आपणहून त्यांना खरं काय ते सांगावं.

मोठ्याने सांगा. तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून हल्ली तुम्ही फार हळू बोलता. सांगून झालं की उलट टपाली मला एक ओळ टाका, नुसतं सांगितलं एवढं लिहा, मी वॉचमनच्या खोलीपाशी बसून राहीन.

जानकी